खरा रॉबिन कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला बॅटमॅनपेक्षा रॉबिन जास्त आवडतो. एका कार्टूनमध्ये रॉबिन टीमचा कॅप्टन, दुसऱ्यात तो तेरा वर्षांचा खोडकर पोरगा, तिसऱ्यात हातात तलवार घेऊन सगळ्यांना उलट बोलणारं कार्टं, आणि हे सगळे एकच कसे असा त्याचा प्रश्न होता. "मामा, यातला खरा कोणता?" मी सांगायला बसलो आणि दोन तास झाले तरी संपलं नाही. नंतर मित्रांनीही हेच प्रश्न विचारले म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतोय.

रॉबिन एकच माणूस आहे की बरेच आहेत?

बरेच आहेत. रॉबिन ही एक गादी आहे असं समजा, बॅटमॅनच्या शेजारची, त्या गादीवर वेगवेगळी पोरं बसली आणि उठली. मुख्य कॉमिक्समध्ये क्रमाने डिक ग्रेसन, जेसन टॉड, टिम ड्रेक, मग थोड्याच दिवसांसाठी स्टेफनी ब्राऊन आणि आता डेमियन वेन. बॅटमॅन मात्र, मधला थोडा काळ सोडला तर, पहिल्यापासून एकच, ब्रूस वेन, आणि त्याचं वय काही पुढे सरकत नाही. मला रॉबिन आवडतो तो नेमका यासाठी, कारण या सगळ्या गोष्टीत वाढतो, चुकतो, घर सोडतो, परत येतो तो हा पोरगा. बॅटमॅन जिथे होता तिथेच उभा आहे आणि काळ किती सरला ते आपल्याला रॉबिनकडे बघून कळतं.

रॉबिन आला कधी आणि त्याला आणलं कशाला?

बॅटमॅन आला १९३९ मध्ये, डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७व्या अंकात. रॉबिन त्यानंतर वर्षभरातच, एप्रिल १९४० च्या ३८व्या अंकात. बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन या तिघांचा त्यात हात आहे. कारण अगदी साधं होतं, फिंगरला लिहिताना अडचण यायची की बॅटमॅन एकटाच फिरतो मग तो बोलणार कोणाशी? डोक्यात जे चाललंय ते वाचकाला सांगायचं कसं? शेरलॉक होम्सला वॉटसन होता तसा याला कोणीतरी पाहिजे. आणि वाचणारी तर शाळकरी पोरं, त्यांना आपल्याच वयाचं कोणी त्या पानावर दिसलं तर बरंच की.

रॉबिन आल्यावर खप जवळपास दुप्पट झाला असं त्याचे निर्माते सांगायचे. त्यानंतर प्रत्येक हिरोला एक पोरगा लागलाच, ह्यूमन टॉर्चला टोरो, कॅप्टन अमेरिकाला बकी, ग्रीन ॲरोला स्पीडी, सगळे वर्षा-दीड वर्षात हजर. आज साइडकिक म्हटल्यावर जे चित्र डोळ्यासमोर येतं ते रॉबिनपासून सुरू झालंय.

नाव रॉबिन पक्ष्यावरून ठेवलंय ना?

बहुतेकांना तसंच वाटतं, मलाही वाटायचं. पण मुळात ते रॉबिन हूडवरून आहे. जेरी रॉबिन्सनला लहानपणापासून रॉबिन हूडच्या पुस्तकातली एन. सी. वायथची चित्रं आवडायची, नाव त्याने सुचवलं आणि पोशाखही तिथूनच आला, तो लाल बंडीसारखा अंगरखा, पुढे बांधलेल्या नाड्या, टोकदार बूट. हे कळल्यावर तो ड्रेस जरा समजायला लागतो. पक्ष्याचा संबंध नंतरच्या काही गोष्टींत जोडला गेला.

डिक ग्रेसनची मूळ गोष्ट काय आहे?

सर्कशीतलं पोर. हेलीच्या सर्कशीत आई-वडील आणि डिक असे तिघं झुल्यावर कसरती करायचे, खाली जाळी नाही. झुको नावाचा गुंड सर्कसवाल्याकडे हप्ता मागतो, तो देत नाही, मग झुल्याच्या दोरांना ॲसिड लावलं जातं आणि भर खेळात दोर तुटून आई-वडील त्याच्या डोळ्यांसमोर पडतात. प्रेक्षकांत ब्रूस वेन बसलेला असतो. त्याचेही आई-वडील लहानपणी त्याच्या समोरच मारले गेलेले, त्यामुळे या पोराला आत्ता काय होतंय हे त्या तंबूत फक्त त्यालाच कळतं. पहिल्या अंकात दोघं मेणबत्तीच्या उजेडात हात वर करून शपथ घेतात, एवढंच, लांबण लावलेली नाही.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ब्रूस पोरका झाला तेव्हा त्याला सांभाळायला घरचा बटलर आल्फ्रेड होता, पण ज्याच्यासोबत असंच काही घडलंय असं कोणी त्याच्याजवळ नव्हतं. डिकला ते मिळालं. म्हणूनच तो हसरा राहिला आणि ब्रूस नाही, असं मी मानतो.

१९५० च्या दशकात रॉबिनवरून वाद झाला म्हणतात, तो काय होता?

डॉ. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५४ मध्ये एक पुस्तक लिहिलं, कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं. त्यात बॅटमॅन आणि रॉबिनच्या एकत्र राहण्यावर समलैंगिकतेचा आरोप होता, आणि त्या काळच्या अमेरिकेत तो आरोप म्हणजे धंदाच बसायचा. सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावण्या झाल्या, प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच कॉमिक्स कोड, म्हणजे काय छापायचं नाही याची नियमावली, लादून घेतला. मग घरात बायका दिसल्या पाहिजेत म्हणून १९५६ मध्ये बॅटवुमन आली, १९६१ मध्ये रॉबिनसाठी बॅटगर्ल आली, आणि १९६४ मध्ये तर आल्फ्रेडला मारून घरात हॅरिएट आत्या आणून बसवली. आल्फ्रेड नंतर परत आला तो टीव्हीमुळे, कारण मालिकावाल्यांना तो हवा होता. टीव्हीने कॉमिक्सला असं हलवणं पुढे सारखंच दिसतं.

१९६६ ची मालिका बघण्यासारखी आहे का? ती फारच बालिश वाटते.

बघा. माझं ऐका आणि बघा. १२ जानेवारी १९६६ ला एबीसी चॅनलवर सुरू झाली, मार्च १९६८ पर्यंत तीन सीझन, १२० भाग. बॅटमॅन ॲडम वेस्ट, रॉबिन बर्ट वॉर्ड, जो तेव्हा विशीत होता पण शाळकरी पोरगा म्हणून शोभला. पहिले दोन सीझन आठवड्यात दोन दिवस लागायची, पहिल्या दिवशी दोघं कुठल्यातरी यंत्रात अडकलेले असताना भाग संपायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच चॅनलवर या असं निवेदक सांगायचा. आणि रॉबिनचं ते "होली अमुक, बॅटमॅन!", म्हणजे आपण "अरे बापरे" म्हणतो ना तसं, पण दर वेळी त्या प्रसंगातला नवा शब्द जोडून.

बर्ट वॉर्डचं काम मला मनापासून आवडतं. मूठ तळहातावर आपटणं, आवाज चढवणं, प्रत्येक संकटावर जीव तोडून विश्वास ठेवणं. आजूबाजूला सगळा रंगीबेरंगी गोंधळ चालू असताना हा पोरगा एका क्षणालाही खोटं वागत नाही. जगभरच्या लोकांच्या डोक्यात जो रॉबिन आहे, हिरवी चड्डी, पिवळा केप, बॅटमॅनला कोडी सोडवून दाखवणारा, तो याच मालिकेने बसवला. तोटा असा झाला की पुढची कित्येक वर्षं रॉबिन म्हटलं की लोक हसायलाच लागायचे आणि कॉमिक्सवाल्यांना त्यातून बाहेर यायला बराच वेळ लागला.

त्या हिरव्या चड्डीचं काय? ती कधी गेली?

डिक रॉबिन होता तोपर्यंत गेली नाही, कॉलेजला गेला तरी तीच. जेसननेही तीच घातली. १९९० मध्ये टिम ड्रेकला नवा पोशाख मिळाला, नील ॲडम्सने आखलेला, फुल पँट, बाहेरून काळा आणि आतून पिवळा केप, चिलखतासारखा अंगरखा, आणि छातीवरचा आर काढून फेकता येतो. माझ्या मते हा सगळ्यात चांगला रॉबिन ड्रेस आहे आणि तेव्हापासून जो तो त्यावरूनच काढतोय.

डिक मोठा कधी झाला?

हे हळूहळू झालं आणि हाच माझा आवडता भाग आहे, त्यामुळे जरा लांबेल.

पहिली पायरी १९६४. एका अंकात रॉबिन, किड फ्लॅश आणि ॲक्वालॅड अशी तीन साइडकिक पोरं एकत्र आली, मोठी माणसं नाहीत, फक्त पोरं. पुढे वंडर गर्ल आली आणि टीन टायटन्स हे नाव पडलं. म्हणजे घरात ज्याचं ऐकायचं असतं त्याच्या मागे उभा राहणारा पोरगा मित्रांमध्ये आल्यावर पुढारी झाला. आपल्याकडेही बघा ना, घरात तोंड न उघडणारी मुलं गणपती मंडळात कशी पुढे होऊन सगळं सांभाळतात.

दुसरी पायरी डिसेंबर १९६९. मालिका संपली होती, कॉमिक्सवाल्यांना बॅटमॅन पुन्हा गंभीर आणि एकटा हवा होता, म्हणून बॅटमॅनच्या २१७व्या अंकात डिक सामान बांधून हडसन विद्यापीठात निघून जातो. ब्रूस आणि आल्फ्रेड तो मोठा वाडा बंद करून शहरात राहायला जातात, कारण तो पोरगा नसताना त्या घरात राहून करायचं काय. मुलगा शिकायला पुण्याला किंवा परदेशात गेल्यावर ज्यांच्या घरातल्या एका खोलीचं दार बंद झालंय त्यांनी तो अंक वाचावा.

तिसरी पायरी १९८० पासून. मार्व्ह वोल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी न्यू टीन टायटन्स सुरू केलं आणि ते डीसीच्या, म्हणजे बॅटमॅन छापणाऱ्या कंपनीच्या, सगळ्यात गाजलेल्या कॉमिक्सपैकी एक झालं. तिथे डिक टीममधल्या स्टारफायरच्या प्रेमात आहे, टीम चालवतोय, निर्णय घेतोय, आणि अंगावर तीच चड्डी. हे आता जुळत नाही हे लेखकांनाही कळलं. १९८४ च्या सुरुवातीला त्याने रॉबिन हे नाव सोडलं आणि काही महिन्यांनी, टेल्स ऑफ द टीन टायटन्सच्या ४४व्या अंकात, तो नाइटविंग झाला. हे नाव मूळचं सुपरमॅनच्या क्रिप्टॉन ग्रहाकडचं आहे, म्हणजे बॅटमॅनचा पोरगा मोठा होताना नाव घेतो सुपरमॅनकडून. दोन बापमाणसांच्या मधली वाट त्याने निवडली असं मला त्यात दिसतं.

१९४० मध्ये आलेला पोरगा मोठा व्हायला चव्वेचाळीस वर्षं लागली, पण झाला. कॉमिक्सच्या जगात एवढं नाव असलेलं पात्र खरोखर मोठं होऊन आपलं नाव दुसऱ्याला देतं हे त्याआधी क्वचितच घडलं असेल.

बॅटमॅनने त्याला हाकललं की तो स्वतः गेला?

दोन्ही लिहिलं गेलंय. १९८४ च्या मूळ गोष्टीत तो समजुतीने जातो. १९८७ मध्ये इतिहास नव्याने लिहिला तेव्हा असं दाखवलं की बॅटमॅनचा कट्टर शत्रू जोकर याने डिकला गोळी घातली, बॅटमॅन घाबरला आणि त्याने डिकचं रॉबिनपण काढून घेतलं. पुढचे बहुतेक लेखक दुसरी गोष्ट धरून चालतात कारण तिच्यात भांडण आहे. मला पहिली जास्त खरी वाटते. मुलं भांडण न होताही घर सोडतात.

जेसन टॉडला वाचकांनी मारलं हे खरंय का?

खरंय. आणि ही गोष्ट नीट सांगायला हवी.

जेसन १९८३ मध्ये आला तेव्हा तो डिकची कार्बन कॉपी होता, तोही सर्कशीतला, त्याचेही आई-वडील मारले गेलेले. १९८७ मध्ये त्याला बदललं. आता तो रस्त्यावरचा पोरगा, ज्या गल्लीत ब्रूसचे आई-वडील गेले त्याच क्राइम ॲलीमध्ये बॅटमोबाइलची चाकं काढून विकायला निघालेला बॅटमॅनला सापडतो. रागीट, तोंडाळ, ऐकत नाही. बऱ्याच वाचकांना तो आवडेना.

१९८८ मध्ये संपादक डेनिस ओ'नील यांनी एक गोष्ट छापली, जिम स्टार्लिनचं लेखन, जिम अपारोची चित्रं. जेसन आपल्या खऱ्या आईला शोधत इथिओपियापर्यंत जातो, ती सापडतेही, आणि तीच त्याला जोकरच्या हवाली करते. जोकर पहारीने त्याला मारतो, मग बॉम्ब लावून निघून जातो. बॅटमॅनच्या ४२७व्या अंकाच्या शेवटी गोदाम उडतं आणि मागे दोन फोन नंबर. एका नंबरवर फोन केला तर रॉबिन जगेल, दुसऱ्यावर केला तर मरेल. एका कॉलला पन्नास सेंट, छत्तीस तास.

मरावा: ५३४३. जगावा: ५२७१. फरक ७२ मतांचा.

पुढच्या अंकाची पानं दोन्ही प्रकारे काढून तयार होती. लोकांनी कौल दिला आणि मेलेल्या पोराला उचलून आणणारा बॅटमॅन छापला गेला. ओ'नील यांनी नंतर सांगितलं की त्यांच्या कानावर आलं होतं, एका माणसाने कॉम्प्युटरला लावून तासनतास मरणाचाच नंबर फिरवत ठेवला होता. ते खरं असो नसो, ७२ चा फरक पाहता एवढ्याने निकाल फिरू शकला असता. जेसन जगतो ती पानं घालून डीसीने २०२३ मध्ये तो अंक परत छापला.

मला त्या पोराबद्दल नेहमी वाईट वाटतं. त्याचा गुन्हा एवढाच की तो डिक नव्हता. घरात पहिला मुलगा हुशार निघाला की दुसऱ्याचं काय होतं हे पाहिलेली माणसं आपल्याकडे खूप आहेत. आणि अंगावर काटा आणणारी गोष्ट म्हणजे १९८६ मध्ये, या मतदानाच्या दोन वर्षं आधी, फ्रँक मिलरने म्हाताऱ्या बॅटमॅनची भविष्यातली गोष्ट लिहिली होती त्यात जेसन मेलेला आहे आणि गुहेत काचेच्या कपाटात त्याचा रिकामा ड्रेस टांगलेला आहे. पुढे खऱ्या कॉमिक्समध्येही ते कपाट आलं आणि अनेक वर्षं राहिलं.

मग रेड हूड कोण? तो जेसनच ना?

हो. २००५ मध्ये जड विनिकने त्याला परत आणलं. त्याने नाव घेतलं रेड हूड, जे जोकरचं जोकर होण्याआधीचं नाव होतं, म्हणजे आपल्याला मारणाऱ्याचंच नाव. तो परत कसा आला याचं कॉमिक्समधलं कारण फार गुंतागुंतीचं आहे, दुसऱ्या विश्वातला सुपरबॉय भिंतीवर ठोसे मारतो आणि वास्तव हलतं वगैरे, २०१० च्या अ‍ॅनिमेटेड सिनेमात ते सरळ केलंय, तोच बघा. त्याच्या शेवटी जेसन बॅटमॅनला विचारतो की जोकर अजून जिवंत का आहे. मला वाचवलं नाहीस याचा राग नाही, पण त्याला जिवंत का ठेवलंस. त्या वेळी बॅटमॅन जे उत्तर देतो ते त्याच्या तत्त्वाला धरून बरोबर आहे, पण समोर मेलेला मुलगा उभा असताना ते किती अपुरं पडतं ते त्याच्याही चेहऱ्यावर दिसतं.

टिम ड्रेकमध्ये वेगळं काय?

त्याला कोणी उचलून आणलं नाही, तो स्वतः चालत आला. फार लहान असताना आई-वडील त्याला सर्कस बघायला घेऊन गेले होते, डिकसोबत फोटो काढला, आणि त्याच रात्री दोर तुटले ते त्याने पाहिलं. पुढे नऊ वर्षांचा असताना टीव्हीवर रॉबिनचं चित्रण दिसलं, त्यात रॉबिन हवेत चार कोलांट्या घेतो. टिमला आठवलं की ही कसरत फक्त ग्रेसनचा पोरगा करतो. मग रॉबिन म्हणजे डिक, मग बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेन. भल्या भल्या खलनायकांना जमलं नाही ते एका शाळकरी पोराने सोडवलं आणि कोणाला न सांगता गप्प बसला.

१९८९ मध्ये, जेसन गेल्यानंतर बॅटमॅन बेभान मारामाऱ्या करत सुटलाय हे बघून तो डिकच्या दारात गेला आणि म्हणाला परत रॉबिन हो, बॅटमॅनला रॉबिनची गरज आहे. डिकने नकार दिला तेव्हा कुठे टिमने तो ड्रेस घातला. म्हणजे आधी पोराला आधार हवा होता म्हणून रॉबिन झाला, इथून पुढे मोठ्या माणसाला आधार हवा म्हणून पोरगा लागला. सगळं उलटं झालं. माझ्या मते ८५ वर्षांतला हा सगळ्यात मोठा बदल आहे. त्याचं स्वतःचं कॉमिक १९९३ पासून २००९ पर्यंत १८३ अंक चाललं आणि २०२१ मध्ये तो बायसेक्शुअल असल्याचं दाखवलं गेलं.

मुलगी कधी रॉबिन झाली का?

झाली. मिलरच्या त्याच १९८६ च्या गोष्टीत तेरा वर्षांची कॅरी केली आहे, पण ते वेगळं भविष्य. मुख्य कॉमिक्समध्ये २००४ ला स्टेफनी ब्राऊन. तिला थोडेच अंक मिळाले, एक आदेश मोडला म्हणून काढून टाकलं, आणि त्याच वर्षी छळ करून मारलं. जेसनसाठी काचेचं कपाट आणि तिच्यासाठी काहीच नाही. वाचकांनी याविरुद्ध मोठी मोहीम चालवली आणि ते अगदी योग्यच केलं. २००८ मध्ये ती मेलीच नव्हती असं सांगून परत आणली, नंतर ती बॅटगर्ल झाली. तिच्यावर अन्याय झाला हे आजही माझं मत आहे.

डेमियन एवढा उद्धट का आहे? भाच्याला फार आवडतो.

कारण तो ब्रूसचा रक्ताचा मुलगा आहे आणि त्याला वाढवलं मारेकऱ्यांनी. आई तालिया, आजोबा रास अल गुल, त्या मारेकऱ्यांचा म्होरक्या. २००६ मध्ये ग्रँट मॉरिसन आणि अँडी क्युबर्ट यांनी आणला, दहा वर्षांचं पोर, तलवार चालवतं, आल्यावर टिमलाच मारायला निघतं. २००९ मध्ये ब्रूस मेल्याचं सगळ्यांना वाटत होतं तेव्हा डिक बॅटमॅन झाला आणि डेमियन रॉबिन. इथे बॅटमॅन हसरा आणि रॉबिन कपाळावर आठ्या घातलेला. डिकने त्याला ओरडून नाही तर धीराने वळण लावलं, कारण त्याला स्वतःला ते एकदा मिळालं होतं.

भाच्याला मी एक प्रसंग वाचून दाखवला. २०१२ च्या एका अंकात मारामारी कत्तलखान्यात होते, ती संपल्यावर डेमियन जाहीर करतो की आजपासून मी मांस खाणार नाही, आणि तिथली एक गाय घरी घेऊन येतो जिच्या तोंडावर वटवाघळाच्या आकाराचा डाग आहे. तिचं नाव बॅटकाऊ. माणसं मारायला शिकवलेलं पोर गाय वाचवतं. पुढच्याच वर्षी डेमियन मारला गेला, त्याच्याच मोठ्या केलेल्या क्लोनच्या हातून, आणि काही काळाने बापाने त्याला परत आणला.

टीव्हीवरचा सगळ्यात चांगला रॉबिन कोणता?

एकच भाग निवडायचा तर १९९२ ला सुरू झालेल्या अ‍ॅनिमेटेड मालिकेतला 'रॉबिन्स रेकनिंग', दोन भागांचा, १९९३ मध्ये दाखवला. पहिल्या भागाला एमी पुरस्कार मिळाला. यात डिक कॉलेजात आहे (ड्रेस मात्र टिमचा) आणि झुको परत आल्याचं बॅटमॅन त्याच्यापासून लपवतो. मुख्य म्हणजे सर्कशीतला अपघात कसा दाखवलाय ते बघा. पडताना कोणी दिसत नाही. झुला चौकटीबाहेर जातो आणि परत येतो तेव्हा त्याला तुटलेला दोर लोंबकळतोय, बस. लहान मुलांच्या कार्यक्रमात मृत्यू दाखवायला बंधनं होती, त्या बंधनातून त्यांनी असं काही काढलं की रक्त दाखवून झालं नसतं.

१९९७ मध्ये हीच मालिका नव्या रूपात आली तेव्हा डिक नाइटविंग झालेला आणि टिम नवा रॉबिन, पण नाव टिमचं आणि गोष्ट बरीचशी जेसनची, गुंडाचा रस्त्यावर वाढलेला पोरगा. टीव्ही असं कायम करतो, दोन-तीन रॉबिन मिसळून एक बनवतो.

टीन टायटन्समधला रॉबिन कोण आहे? आणि रेड एक्स कोण?

आमच्या पिढीचा हाच रॉबिन. २००३ ते २००६, कार्टून नेटवर्क, शाळेतून येऊन दप्तर टाकलं की हा. ६५ भागांत बॅटमॅन दिसत नाही, त्याचं नावही नीट घेतलं जात नाही, रॉबिन स्वतःच्या टॉवरमध्ये स्वतःची टीम चालवतो. नाव सांगत नाहीत पण खुणा आहेत. एका भागात दुसऱ्या मितीतून लॅरी नावाचं छोटं पोर येतं, त्याचं खरं नाव डिक ग्रेसनची अक्षरं उलटी लावून केलंय. दुसऱ्या एका भागात भविष्यात तो नाइटविंग दिसतो. म्हणजे डिकच.

पहिला रेड एक्स रॉबिन स्वतःच होता, स्लेड नावाच्या खलनायकाला पकडायला मित्रांना फसवून केलेलं सोंग. नंतर तो सूट चोरणारा कोण ते मालिकेने शेवटपर्यंत सांगितलं नाही. जेसन असावा असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही, पण तो आपला अंदाज. २०१३ पासूनचं टीन टायटन्स गो मात्र पूर्ण विनोदी आहे, तोच रॉबिन, तेच आवाज देणारे कलाकार, लहानांना घेऊन बघायला मजा येते.

यंग जस्टिस कुठून बघू?

पहिल्या भागापासून, मधून नको. ही अ‍ॅनिमेटेड मालिका २०१० ला सुरू झाली. रॉबिन तेरा वर्षांचा डिक, टीममध्ये सगळ्यात लहान पण अनुभव सगळ्यात जास्त. एक भाग आहे ज्यात मानसिक सरावात त्याला मित्रांना मरायला पाठवावं लागतं. त्यानंतर तो समुपदेशनाला बसतो आणि सांगतो की लहानपणापासून मला बॅटमॅन व्हायचं होतं, आता नाही. एवढंच वाक्य आहे पण त्या वयाच्या पोराच्या तोंडून ऐकताना काळजात चर्र होतं. दुसरा सीझन पाच वर्षं पुढे उडी मारतो, डिक नाइटविंग, टिम रॉबिन, आणि मधल्या रिकाम्या जागेबद्दल कोणी बोलत नाही, फक्त स्मारकात एक आकृती उभी दिसते, जेसनची.

लाइव्ह ॲक्शन टायटन्स मुलांसोबत बघता येईल का?

नाही. २०१८ ते २०२३, चार सीझन, आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आली. रक्त आणि शिव्या पहिल्याच भागापासून. मोठ्यांनी बघावी, ब्रेंटन थ्वेट्सचा डिक बापावर चिडलेला तिशीकडे झुकलेला माणूस म्हणून पटतो, आणि जेसनची वाताहत नीट उलगडली आहे.

सिनेमात रॉबिन टिकत का नाही?

१९४३ च्या पंधरा भागांच्या चित्रमालिकेत तो होता, पण मोठ्या सिनेमांना तो अवघड जातो. १९८९ च्या बॅटमॅन सिनेमाच्या पटकथेतून काढला, १९९२ च्या सिनेमासाठी मार्लन वेयन्सला घेऊनही वगळला. क्रिस ओ'डॉनेल १९९५ आणि १९९७ ला आला. दोन-अडीच तासांत मोठं होणं दाखवायला जागा मिळत नाही, आणि ते काढलं तर रॉबिनमध्ये उरतं काय?

लहान पोराला मारामारीत नेणं बरोबर आहे का?

नाही, आणि चांगल्या लेखकांना हे माहीत असतं. १९४० मध्ये हा प्रश्न कोणी विचारला नाही कारण ती पोरांच्या स्वप्नाची गोष्ट होती. १९८८ नंतर मात्र कोणालाच टाळता आला नाही. टिमला बॅटमॅन महिनोन्‌महिने शिकवतो, लगेच बाहेर सोडत नाही. यंग जस्टिसमध्ये वंडर वुमन बॅटमॅनला तोंडावर सुनावते की तू या पोराला एवढ्या लहान वयात यात ओढलंस, आणि तो म्हणतो, तो आपल्यासारखा होऊ नये म्हणून. हे उत्तर मला पूर्ण पटत नाही, पण डिककडे बघितलं की वाटतं बॅटमॅनला तेवढं तरी साधलं.

सुरुवात कुठून करू?

वाचायचं असेल तर रॉबिन: इयर वन घ्या, मग २००९ चं बॅटमॅन अँड रॉबिन, आणि नाइटविंग २०२१ पासून, ७८व्या अंकापासून. बघायचं असेल तर रॉबिन्स रेकनिंग. मी भाच्याला तोच लावून दिला. झुला परत आला, दोर तुटलेला दिसला, त्याने रिमोट घेऊन थांबवलं आणि विचारलं, "मामा, आता त्याला घरी कोण नेणार?" मी म्हटलं, पुढे बघ.